सत्काराची शाल

"डॉक्टर टेकाळे हे आपले तटस्थ सदस्य," अपर जिल्हाधिकारी सोनटक्के साहेबांनी माझी ओळख करून दिली. समोर बसलेल्या डॉ. विद्युल्लता होनराव यांनी मला हात जोडले. मीही जोडले. तटस्थ म्हणे! त्या बाईबद्दल माझ्या पोटात काय शिजत होतं ते साहेबांना कळलं असतं, तर त्यांनी मला चहासुद्धा न पाजता खोलीबाहेर घालवलं असतं.

जिल्हाधिकारी कचेरीतली ती लांबट खोली मला अजून दिसते. मधे मोठं टेबल, एका बाजूला आम्ही समितीचे तिघं, समोरच्या बाजूला होनराव मॅडम एकट्या. त्यांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची, वकिलासाठी ठेवलेली. वकील त्यांनी आणलाच नव्हता. भिंतीवर पांढरा पडदा, आणि पडद्याजवळ लॅपटॉप घेऊन उभे असलेले तपासणी पथकाचे तरुण डॉक्टर रुपनर.

प्रकरण साधं होतं. गरिबांची ऑपरेशनं सरकारी आरोग्य विमा योजनेतून फुकट होतात आणि दवाखान्याचा खर्च योजना देते, हे सगळ्यांना माहीत आहे. होनराव मॅडमचा दवाखाना त्या योजनेत होता. तपासणी पथकानं आरोप ठेवला की त्यांनी खोटे पेशंट दाखवले, आणि त्यांचं काहीएक न ऐकता दवाखाना योजनेतून निलंबित केला. अशा वेळी बहुतेक डॉक्टर गुपचूप बोर्ड उतरवतात. कोण त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवणार? मॅडमनी मात्र अपील केलं. अपील फेटाळलं गेलं, तर त्यांचा दवाखाना कायमचा योजनेबाहेर जाणार होता, आणि नावाला 'बोगस डॉक्टरीण' चिकटणार होतं ते वेगळंच.

समितीत सोनटक्के साहेब अध्यक्ष, जिल्हा शल्यचिकित्सक डॉ. खरोसेकर दुसरे, आणि तिसरा मी, तालुका डॉक्टर संघटनेचा अध्यक्ष. माझा दवाखाना योजनेत नव्हता, म्हणजे मला यात ना नफा ना तोटा. म्हणून मी तटस्थ. कागदावर किती छान दिसतं!

आता खरं ऐका. मी जळत होतो. नुसता जळत नव्हतो, माझा कोळसा व्हायचा बाकी होता.

सावरगाव पेठेत मी एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ होतो. अर्ध्या तालुक्याचा पहिला टाहो मी ऐकलाय. बाजारात निघालो की पोरं पाया पडायची, आया सांगायच्या, "ह्यांनीच तुला काढलं बरं का." आणि एक दिवस स्टँडरोडला बोर्ड लागला: डॉ. विद्युल्लता होनराव, स्त्रीरोगतज्ज्ञ. वर्ष फिरायच्या आत माझ्या बाकड्यांवर माणसं दिसेनात. ज्या सुनांची बाळंतपणं मी केली, त्यांच्या सासवा तिकडे. एक बाई तर मला तोंडावर म्हणाली, "डाक्टर, तुमचा हात चांगलाच हाय. पर ती बाई हाय ना." आता यावर माणसानं काय करायचं? साडी नेसायची?

त्यात मॅडमनी योजना घेतली. मी ती नाकारली होती, कोण त्या फोटो-अपलोडच्या मागे लागणार म्हणून. झालं, गोरगरीब बायकांची रांग स्टँडरोडला लागली. शैला, माझी बायको, संध्याकाळी गच्चीवरून तिकडे बघून म्हणायची, "अहो, केवढी गर्दी आहे हो!" मी पेपर तोंडासमोर धरायचो.

यावर कळस म्हणजे संघटनेनं त्यांचा सत्कार ठरवला. अध्यक्ष मी, त्यामुळे शाल-श्रीफळ माझ्याच हातून. शाल आणायलाही मीच गेलो. दुकानदारानं ढीग टाकला. त्यातली सगळ्यात भयंकर मी उचलली: गर्द जांभळी, आणि तिला पोपटी काठ.

शैला बघतच राहिली. "अहो, ही कुणी अंगावर घेईल का?"

"रंग उठून दिसतो," मी म्हणालो.

समारंभात ती मी मॅडमच्या खांद्यावर घातली, फोटोसाठी दात दाखवले आणि घरी येऊन न जेवता झोपलो. मॅडमनी मात्र ती अशी हसून घेतली जशी काही पैठणीच. तेही मला डाचलं.

एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण माझी आईसुद्धा! आई कोळवाडीला माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णाकडे राहायची. सणावाराला माझ्याकडे यायची, पण कधी टेकायची नाही. खाली बसायची नाही, जिना चढायची नाही, दोन दिवसांत 'मला गावाकडं सोड' सुरू. मी म्हणायचो गुडघे दाखव. ती म्हणायची, "काय नाय, वयाचं हाय." आणि स्टँडरोडवरून जाताना हटकून विचारायची, "ह्योच का रं त्या बाईचा दवाखाना? बायका लई चांगलं सांगत्यात." मी गाडीचा वेग वाढवायचो. पोटची आई, पोरगा त्याच विद्येतला डॉक्टर, आणि कौतुक कुणाचं? त्या बाईचं!

सुनावणीच्या आठवड्यात तर आईचा फोनच आला. "बास्करा, त्या बाईचा दवाखाना बंद पाडला म्हनं. तू हायस ना त्या मीटिंगात?"

"तुला काय करायचंय गं?"

"काय नाय. इचारलं."

मी फोन आपटला. आता खुद्द घरातूनही तिची वकिली!

तर त्या दिवशी मी तटस्थ सदस्य म्हणून खुर्चीत बसलो होतो, आणि मनातल्या मनात जेवणाच्या ताटावर बसल्यासारखा हात चोळत होतो.

"सुरू करा," सोनटक्के साहेब म्हणाले. "मॅडम, तुम्हाला आधी ऐकून घ्यायला हवं होतं, ते झालं नाही. अपील हा तुमचा हक्क आहे. त्यामुळे आज घाई नाही. पथकाचं झालं की तुम्ही सविस्तर बोला."

रुपनरांनी पडद्यावर फोटो लावले. योजनेचा नियम असा की ऑपरेशननंतर पेशंटचा खाटेवरचा फोटो काढून योजनेच्या पोर्टलवर चढवायचा. फोटो नाही तर ऑपरेशन झालंच नाही असं समजतात.

"बघा सर," रुपनर म्हणाले. "पेशंट वेगळी, तारीख वेगळी. पण खाट तीच. खिडकी तीच. आणि अंगावरची शाल तीच."

एकामागून एक फोटो सरकू लागले, आणि मी खुर्चीत ताठ झालो. गर्द जांभळी. पोपटी काठ. माझी शाल! मी, संघटनेच्या अध्यक्षानं, भर सभेत स्वतःच्या हातानं घातलेली शाल या बाईनं वॉर्डात पेशंटांना पांघरायला दिली होती! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी मुद्दाम भडक आणली होती हे खरं, पण म्हणून काय अपमान करायचा?

"एका खाटेवर बायका आणून बसवायच्या, शाल पांघरायची, फोटो काढायचा, घरी पाठवायचं," रुपनर म्हणाले. "ऑपरेशन कुठे आहे? आम्हाला हा सरळ बनाव वाटतो."

"मॅडम?" सोनटक्के साहेब वळले.

होनराव मॅडम उभ्या राहिल्या. आवाज अगदी दवाखान्यातला, हळू. "साहेब, माझा वॉर्ड जुन्या गोदामात आहे. उजेड फक्त त्या एका खिडकीतून येतो. बाकीच्या खाटांवरचे फोटो काळे येतात आणि पोर्टल ते नाकारतं. म्हणून आमच्या सिस्टर प्रत्येकीला चालायला लागली की त्या खाटेवर आणतात आणि फोटो काढतात."

"आणि शाल?"

"बायका गाउनवर फोटो काढू देत नाहीत, साहेब. सरकारकडे फोटो जाणार आणि आपण असल्या उघड्या झग्यात? रडायच्या. पदर मागायच्या. टाके ताजे असताना लुगडं कसं नेसवू? मग मी माझी एक शाल दिली वॉर्डात. ती पांघरली की लगेच तयार व्हायच्या. उलट नंतर तर मागूनच घ्यायच्या."

खरोसेकर डॉक्टर गालात हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच, माझी शाल वॉर्डात.

"असेलही," रुपनर म्हणाले. "पण सर, आम्ही पेशंटांच्या घरी फोन केले. पोर्टलवर जे नंबर आहेत त्यांवर. ही सगळी गर्भाशय खाली सरकल्याची ऑपरेशनं. आणि घरचे काय म्हणतात? 'आमच्या आईचं असलं काही ऑपरेशन झालेलं नाही.' 'आमच्या घरात असलं काही नाही.' एकदोन घरांत नव्हे, बहुतेक घरांत हेच."

हा घाव वर्मी होता, आणि माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, फटाके वाजले.

"मॅडम, यावर काय म्हणता?"

"त्या घरच्यांना माहीतच नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. "अंग बाहेर येतं, हे बाई नवऱ्याला सांगत नाही, मुलाला तर नाहीच नाही. वीस-वीस वर्षं कापड बांधून शेतात राबतात. माझ्याकडे येतात त्या बहिणीच्या गावाला जाते, जावेच्या माहेराला जाते असं सांगून. आधार लागतो, शिधापत्रिका लागते, तेवढी कुणीतरी एक सून, एक लेक पेटीतून काढून आणते. फोनचा नंबर मात्र घरातल्या पुरुषाचा. तुम्ही त्यालाच विचारलंत."

"मग त्या बायकांना इथं बोलवा," सोनटक्के साहेब म्हणाले. "दोघी-चौघी आल्या, 'हो, माझं ऑपरेशन झालं' म्हणाल्या, की प्रश्न मिटला."

"नाही बोलावणार."

"का?"

"मी शब्द दिलाय त्यांना. दवाखान्याच्या बाहेर हे जाणार नाही म्हणून. कचेरीत यायचं म्हणजे घरी सांगणं आलं. त्यांनी एवढी वर्षं झाकलेलं मी माझा बोर्ड वाचवायला उघडं करू?"

"मॅडम, तुमचा दवाखाना जाईल," खरोसेकर जरा चिडूनच म्हणाले. "जरा व्यवहार बघा. तुमच्याकडे पुरावा काय आहे?"

"माझ्या टाक्यांचा पुरावा त्यांच्या अंगावर आहे, सर. तो मी कुणाला दाखवायला लावणार नाही." आणि त्या खाली बसल्या.

काय सांगू, त्या क्षणी माझा सगळ्यात जास्त जळफळाट झाला. बुडतानासुद्धा ही बाई अशी बुडत होती की बघणाऱ्यानं टोपी काढावी. मी असतो तर दहा बायका ट्रॅक्टरमध्ये भरून आणल्या असत्या.

सोनटक्के साहेबांनी कपाळ चोळलं. "डॉक्टर टेकाळे, तुम्ही याच शास्त्रातले, गावही तेच. तुमचं मत फार महत्त्वाचं. रुपनर, फोटो पुन्हा लावा, सावकाश. डॉक्टरांना नीट बघू द्या."

मी चष्मा पुसला. काय बोलायचं ते ठरलेलं होतं: 'स्पष्टीकरण ऐकायला छान आहे, पण पुरावा नाही.' एवढं एक वाक्य. त्यात खोटं काहीच नव्हतं.

फोटो सावकाश सरकू लागले. पहिल्या खेपेला मी फक्त शाल बघितली होती, आता तोंडं दिसू लागली. थकलेली, घाबरलेली, काही ओशाळलेली. सगळ्या माझ्या ओळखीच्या वाटाव्यात अशा बायका. आणि मग एक फोटो आला.

पोपटी काठाच्या वर माझ्या आईचं तोंड होतं.

आईच. डाव्या भुवईवरचा तो व्रण, कानातली ती जुनी फुलं. खिडकीच्या उजेडात बसलेली, दोन्ही हातांनी शाल गळ्याशी धरलेली. आणि हसत होती. माझी आई फोटोत हसत नाही. अण्णाच्या लग्नात नाही, माझ्या पदवीच्या दिवशी काढलेल्या फोटोत नाही. तिथं तर ती जप्तीला बोलावल्यासारखी उभी आहे. आणि इथं, या बाईच्या खाटेवर, या बाईच्या वॉर्डात, तोंडभर हसत होती.

मला आधी काय वाटलं सांगू? काळजी नाही, दया नाही. मत्सर वाटला. सगळं गाव नेलंस, ते नेलंस. आईसुद्धा?

"ही केस बघा," रुपनर म्हणाले. "इथं मुलाशी प्रत्यक्ष बोलणं झालंय. तो म्हणाला, 'आमची आई उदगीरला मावशीकडे गेली होती, ऑपरेशन-बिपरेशन काही नाही.' तुमच्या फायलींत नुसते केस नंबर आहेत, नाव वाचू का पेशंटचं?"

"नको," होनराव मॅडम म्हणाल्या.

"नको," मी म्हणालो.

दोघांचं एकदमच आलं. सोनटक्के साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. मी समितीत आहे हे कळलं त्या दिवसापासून माहीत असणार. आणि त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, अगदी थोडी, उजवीकडे-डावीकडे. बोलू नका.

उदगीर. महिनाभर मावशीकडे. त्यानंतर दिवाळीला आली तेव्हा आमचा जिना ती न थांबता चढली होती. मी म्हणालो होतो, "काय गं, गुडघे बरे झाले वाटतं?" ती म्हणाली होती, "तेल लावते." गुडघे! माझी उभी हयात बायकांच्या याच दुखण्यात गेली, आणि माझी आई माझ्यासमोर उभ्याउभ्या वर्षानुवर्षं ते सोसत होती, आणि मी गुडघे म्हणत होतो.

"डॉक्टर?" साहेब म्हणाले. "तुमचं मत?"

बोललो तर काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. खोलीतून बातमी बाहेर जाणार. चहाच्या टपरीवर लोक म्हणणार, टेकाळे डॉक्टरची आई त्याच्याकडे गेली नाही, होनराव बाईकडे गेली. आणि तीही फुकटच्या योजनेत. माझ्या बाकड्यांवर जे चार पेशंट उरले होते तेही स्टँडरोड धरणार. आणि नाही बोललो तर ही बाई संपणार. मला फक्त गप्प बसायचं होतं. ती स्वतःच मला गप्प बसा म्हणत होती.

आणि मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, की मी उठून उभा राहिलो.

"ही बाई खरी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे? तुम्ही ओळखता?"

"माझी आई आहे."

रुपनरांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडावळा दिसला असावा, कारण त्यांनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

"टेकाळे," खरोसेकर हळूच म्हणाले, "तुमची आई? योजनेत?"

"भावाकडे राहते. त्याच्या केशरी शिधापत्रिकेवर नाव आहे तिचं. त्यात गैर काही नाही."

"आणि तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"आत्ता कळलं. या पडद्यावर." माझा आवाज चढत होता, पण मी थांबलो नाही. "रुपनर, तुम्ही माझ्या भावाला फोन केलात. मला केला असता तर मीही हेच म्हणालो असतो. आमच्या आईचं असलं काही झालेलं नाही. शपथेवर सांगितलं असतं! मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, साहेब. रोज हेच बघतो. आणि माझ्या आईनं मला कळू दिलं नाही. तर मग ज्यांची पोरं शेतात आहेत, मिस्त्रीकाम करतात, त्यांच्या घरी फोन करून तुम्हाला काय कळणार?"

सोनटक्के साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमची मोठी अडचण झाली. आता तुम्ही तटस्थ राहिला नाहीत. सदस्य म्हणून तुम्हाला या निर्णयात भाग घेता येणार नाही."

"मी कधीच तटस्थ नव्हतो, साहेब," मी म्हणालो.

मी माझी फाइल उचलली, टेबलाला वळसा घातला आणि मॅडमच्या शेजारच्या त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो. साक्षीदार म्हणून माझं म्हणणं लिहून घेतलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला रुमाल त्यांनी पिळून पिळून दोरीसारखा केला होता, तेवढं मला दिसलं. इतका वेळ त्या घाबरलेल्या होत्या हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

साहेबांनी तिथंच सांगितलं. फोनवरची चौकशी ग्राह्य धरायची नाही. जिल्हा रुग्णालयातल्या एका महिला डॉक्टरनं एकटीनं, आरोग्य तपासणीच्या निमित्तानं, त्या बायकांना गाठायचं. सोबत पुरुष नको, नावाचा गवगवा नको. तोपर्यंत निलंबन स्थगित. पुढं महिनाभरात अपील मंजूर झालं, प्रत्येक बाई खरी निघाली. पण माझ्या लेखी ते त्याच दुपारी झालं होतं.

व्हरांड्यात मी मॅडमना गाठलं. आभार-बिभार मानायच्या आत मीच सुरू झालो. "तुम्हाला माहीत होतं ना? अपिलात एक ओळ लिहिली असती, की समितीच्याच सदस्याची आई माझी पेशंट आहे, तर एका मिनिटात सुटला असता!"

"आजींनी शब्द घेतला होता."

"तुमचा दवाखाना हातचा चालला होता!"

"हो," त्या म्हणाल्या. "फार वाईट वाटत होतं. पण शब्द शब्दच असतो ना सर."

बघा. म्हणजे तिथंही ती बाई माझ्या पुढेच! एवढं मोठं मी काहीतरी केलं, आणि तिनं तर माझ्या घरची झाकली मूठ राखायला स्वतःचा दवाखाना आधीच पणाला लावला होता. मी गाडीत बसलो.

घरी शैलाला म्हणालो, "आई स्टँडरोडला होती तेव्हा डबा कोण नेत होतं?"

ती भाजी निवडत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "मी. आणि ओरडू नका, त्यांनी माझ्याकडूनही वचन घेतलं होतं."

मी तसाच कोळवाडीला गेलो. अण्णा रानात होता. आई ओट्यावर कुरडया वाळत घालत होती, मस्त खाली बसून, मांडी घालून. कित्येक वर्षांत तिला तशी बसलेली मी पाहिली नव्हती. मी शेजारी बसलो.

"ती बाई सुटली का रं?" तिनं विचारलं.

"सुटली."

"कशी?"

"मी सांगितलं. तुझा फोटो बघितला मी, आई."

तिचा हात थांबला. पदर डोक्यावर ओढून तिनं कुरडयांकडे तोंड वळवलं. मला वाटलं आता रडेल किंवा मला शिव्या घालेल.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. माझा आवाज लहान पोरासारखा येत होता. "मी कशाला शिकलो मग? सगळ्या तालुक्याच्या बायका माझ्याकडं आल्या, आणि तू त्या बाईकडं?"

"आरं येड्या," ती म्हणाली, "तालुक्याच्या बायकांचा तू डाक्टर हायस. माजा लेक हायस. जिथनं तू आलास, ते तुलाच कसं दाकवू मी?"

कोंबड्या अंगणात फिरत होत्या. तिनं एका कुरडईची कड बोटानं सारखी केली.

"मग हसत का होतीस फोटोत?" मी विचारलं. तेच माझं खरं दुखणं होतं. "माझ्या पदवीच्या फोटोत तोंड एवढंसं केलंस. तिथं मात्र तोंडभर!"

आता ती खरंच हसली. "ती शाल! असली भडक शाल उभ्या जन्मात बघितली न्हाई मी. म्हनलं, बाई, कुनी आनली गं ही? तर ती म्हनली, आजी, तुमच्याच डाक्टरांनी दिली मला, त्यांच्या हातानं घातली. मग काय, घट्ट गुंडाळून घेतली मी. ऑपरेशनाच्या वक्ताला तू नव्हतास. म्हनलं, लेक न्हाई तर लेकाची शाल तर हाय अंगाव."

मी उठून नळावर तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

निघताना आईनं दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या. वाळलेल्या कुरडया, पापड, शेंगांची चटणी. "ही तुला," ती म्हणाली, "आन ही त्या होनराव बाईला. घरी जायच्या आधी तिला दे, इसरू नको."

मी दोन्ही पिशव्या उचलल्या. गाडीजवळ जाईपर्यंत एक या हातात, एक त्या हातात घेऊन पाहिली. मग परत फिरलो.

"आई, तिची पिशवी जड आहे."

"असू दे," आई ओट्यावरूनच म्हणाली. "तू काय, घरचाच हायस."

स्टँडरोडला मी गाडी थांबवली. बातमी माझ्या आधीच पोचली असावी, दवाखान्याच्या बाहेर बायका परत रांगेत बसल्या होत्या. मी जड पिशवी काढली, आणि सगळ्यांच्या देखत आत गेलो.